नाव प्रकाशकाचे, काम प्राध्यापकांचे

२०१५ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस 'लिंग्वा' या भाषाविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकाच्या सहाही संपादकांनी आणि संपादक मंडळाच्या ३१ सदस्यांनी आपापले राजीनामे दिले. वृत्तपत्रांच्या दृष्टीने ही बातमी फारशी मोठी नव्हती. कोठे टाळेबंदी झाली नव्हती, कोणाच्या घरची चूल विझली नव्हती. ३७ प्राध्यापकांनी जवळजवळ बिनपगारी असलेले एक काम सोडून दिले होते, एवढेच. परंतु विद्वानांची सभा एकमताने उठून गेल्याचा प्रसंग मुळातच दुर्मीळ, आणि त्यातही भाषाशास्त्रज्ञांचे एकमत हे तर त्याहून दुर्मीळ. म्हणूनच या घटनेचा आणि तिच्यामागून आलेल्या वर्षाचा वृत्तान्त, दहा वर्षे उलटून गेल्यानंतरही, शिक्षणाशी संबंध असलेल्या प्रत्येकाने नीट समजून घेण्याजोगा आहे.

'लिंग्वा' हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ जीभ, आणि त्यावरून भाषा. १९४९ साली आन्तोन रायक्लिंग आणि ए. डब्ल्यू. दे ग्रोट या दोन डच भाषाशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने हे नियतकालिक निघाले. पुढे ते अ‍ॅमस्टरडॅमच्या नॉर्थ-हॉलंड या प्रकाशनसंस्थेच्या मार्फत एल्सव्हियर या बलाढ्य कंपनीकडे आले. संपादक बदलत गेले, प्रकाशकही बदलला. नियतकालिक मात्र प्रतिष्ठा मिळवीत राहिले. लायडन विद्यापीठाचे प्राध्यापक योहान रोरिक हे गेली कित्येक वर्षे त्याचे प्रमुख संपादक होते. भांडण सुरू झाले तेव्हा प्रकाशकाच्या वतीने असे सांगण्यात आले, की हे नियतकालिक कंपनीनेच स्थापन केले आहे. ज्यांना इतिहास ठाऊक होता त्यांना या विधानाचे हसू आले. पण कायद्याच्या दृष्टीने इतिहासाला किंमत नव्हती. नावाची मालकी कंपनीच्या दप्तरी होती.

असे नियतकालिक चालवायचे म्हणजे नेमके करायचे काय, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. मासिकाचा संपादक लेख मागवतो, निवडतो, छापतो, अशी आपल्याकडील सर्वसाधारण समजूत. शोधपत्रिकेचे काम याहून वेगळे आणि अधिक कंटाळवाणे आहे. निबंध आला की तो या पत्रिकेच्या कक्षेत बसतो की नाही, हे संपादक प्रथम पाहतो. बसत असेल तर लेखकाचे नाव झाकून तो दोन-तीन परीक्षकांकडे पाठवला जातो. परीक्षक हे त्या विषयातील जाणकार. अर्थात त्यांनाही आपापली अध्यापनाची, परीक्षांची, स्वतःच्या संशोधनाची कामे असतातच. निबंध तपासण्याबद्दल त्यांना मोबदला मिळत नाही. काही जण नकार कळवतात, काही उत्तरच देत नाहीत, आणि काही होकार देऊन विसरतात. मग स्मरणपत्रे सुरू होतात. शेवटी अभिप्राय येतात ते पुष्कळदा परस्परविरोधी. एकाच्या मते निबंधाने विषयाला नवी दिशा दिलेली असते, तर दुसऱ्याच्या मते त्यात नवे काहीच नसते आणि जे नवे आहे ते चूक असते. अशा वेळी संपादकाला निबंध स्वतः पहिल्यापासून वाचावा लागतो, निर्णय द्यावा लागतो आणि नकार असेल तर तो अशा शब्दांत कळवावा लागतो की तिकडे बसलेल्या तरुण संशोधकाने विषयच सोडून देऊ नये. निबंध सुधारून परत येतो. पुन्हा परीक्षक, पुन्हा स्मरणपत्रे. पहिल्या टपालापासून छापील पानापर्यंत वर्ष सहज उलटते. यातील निम्मे काम पांडित्याचे, तर निम्मे निव्वळ कारकुनीचे असते. आणि कारकुनीचा निम्मा भाग बिघडला तर पांडित्याचा निम्मा भाग निरुपयोगी ठरतो.

भाषाविज्ञानाच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. 'रामाने पोळी खाल्ली', 'रामाने आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली' ही आपली तीन साधी वाक्ये. पहिल्या दोहोंत क्रियापद रामाचे ऐकत नाही, ते पोळीचे आणि आंब्याचे ऐकते. तिसऱ्यात कर्त्याला 'ने' हा प्रत्यय लागत नाही, तरीही क्रियापद पोळीचेच ऐकते. मराठी माणूस हे दिवसातून शंभर वेळा न चुकता बोलतो आणि त्यात काही विलक्षण आहे असे त्याला वाटत नाही. पण मानवी भाषेच्या घडणीचा विचार करणाऱ्याला या तीन वाक्यांतून मोठे प्रश्न उभे राहिलेले दिसतात. हे प्रश्न मराठी न जाणणाऱ्या वाचकापुढे ठेवायचे तर वाक्य तीन ओळींत मांडावे लागते. वरच्या ओळीत मूळ शब्द, मधल्या ओळीत प्रत्येक घटकाच्या बरोबर खाली त्याचे व्याकरणिक नाव, आणि खालच्या ओळीत भाषांतर. अक्षरजुळणी करणाऱ्याच्या हातून मधली ओळ एका घराने सरकली की 'ने' या प्रत्ययाचे नाव पोळीखाली जाते आणि पुरावा उलटा होतो. शिवाय उच्चारांच्या खुणा, स्वरांवरील चिन्हे, निरनिराळ्या लिप्या आहेतच. इतिहासावरील निबंधात खिळा चुकला तर वाचक हसून पुढे जातो. येथे खिळा चुकला तर सिद्धान्त चुकतो. म्हणून मुद्रिते पुन्हापुन्हा पाहावी लागतात. ती पाहणारी माणसे लेखक आणि संपादक हीच असतात.

आता पैशाचा हिशेब पाहावा. निबंध लिहिणाऱ्या प्राध्यापकाचा पगार बहुतेक देशांत सार्वजनिक निधीतून येतो. तो तपासणारा परीक्षकही त्याच निधीवर जगतो. निबंध प्रसिद्ध करताना लेखक त्यावरील हक्क प्रकाशकाला लिहून देतो. नंतर तोच निबंध त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाने वर्गणी भरून विकत घ्यायचा असतो. म्हणजे गावच्या विहिरीचे पाणी गावानेच शेंदायचे, आणि घागरीमागे पैसे मात्र तिसऱ्याला द्यायचे. ही वर्गणीही एकेका नियतकालिकाची क्वचितच असते. मोठे प्रकाशक शेकडो-हजारो नियतकालिकांचा गठ्ठा बांधून विकतात. त्यातले एक नको म्हणण्याची सोय ग्रंथपालाला नसते. एल्सव्हियरची पालक कंपनी रेलेक्स हिच्या विज्ञान, तंत्रज्ञान आणि वैद्यक विभागाचा २०१५ मधील नफा उत्पन्नाच्या सुमारे ३७ टक्के होता. पोलाद, कापड किंवा धान्य यांच्या व्यापाऱ्याने असा नफा मिळवला असता तर त्याच्यावर अग्रलेख आले असते.

प्रकाशक काहीच करीत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. निबंधांची ये-जा सांभाळणारी संगणकव्यवस्था, अक्षरजुळणी, सूचींमध्ये नोंद, जुन्या अंकांचे जतन, चोरीच्या तक्रारी आल्या तर कायदेशीर बाजू, ही कामे कोणीतरी करावीच लागतात आणि त्यांना खर्च येतो. मतभेद होता तो खर्च किती आणि नफा किती, याबद्दलचा. (जगातल्या मोठ्या प्रकाशकांच्या अक्षरजुळणीचा बराच भाग आज चेन्नई आणि पुदुच्चेरी येथे होतो, हेही या ठिकाणी नोंदवण्यासारखे आहे. ज्या शहरात निबंध जुळवला जातो तेथील महाविद्यालयाला तो विकत घेणे परवडेलच असे नाही.)

'लिंग्वा'च्या संपादकांनी २०१५ मध्ये प्रकाशकाला पत्र पाठवून चार मागण्या केल्या. नियतकालिक जगातील कोणालाही विनामूल्य वाचता यावे. निबंधावरील हक्क लेखकाकडेच राहावा. प्रसिद्धीसाठी आकारायचे शुल्क ४०० युरोंच्या वर जाऊ नये. आणि नियतकालिकाच्या नावाची मालकी संपादक मंडळाकडे यावी. त्या वेळी 'लिंग्वा'मध्ये एखाद्या लेखकाला आपला निबंध सर्वांसाठी खुला ठेवायचा असेल तर १८०० डॉलर मोजावे लागत. कंपनीने उत्तर दिले, की ४०० युरोंत नियतकालिक तगणार नाही, आणि नावाची मालकी देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. नेदरलंड्समधील वातावरणही त्या वेळी तापलेले होते. तेथील विद्यापीठांच्या संघटनेची याच कंपनीशी वाटाघाट अडली होती आणि कंपनीच्या नियतकालिकांची संपादकपदे सोडा, असे आवाहन संघटनेने त्या वर्षीच्या जुलैत आपल्या प्राध्यापकांना केले होते. डिसेंबरमध्ये विद्यापीठांनी कंपनीशी तडजोड केली. 'लिंग्वा'च्या मंडळाने केली नाही.

राजीनामा दिल्यानंतरचा दोन महिन्यांचा काळ हा कराराने बांधलेला होता. वर्षअखेरपर्यंत जुने काम चालवायचे आणि त्याच वेळी नव्या घराची जमवाजमव करायची, अशी ही कसरत. घर बदलताना माणसे भांडीकुंडी घेऊन निघतात; येथे भांडीकुंडी, अंगण आणि दारावरची पाटी सगळेच मागे राहणार होते. बरोबर येणार होती ती फक्त माणसे. नव्या नियतकालिकाला नाव काय द्यावे, या प्रश्नाचे उत्तर भाषाशास्त्रज्ञांना शोभेल असेच निघाले. लॅटिन जीभ कंपनीची. तर ग्रीक जीभ घ्यावी. ग्रीक भाषेत जिभेला 'ग्लोसा' म्हणतात. २०१६ च्या आरंभापासून 'ग्लोसा' हे नियतकालिक युबिक्विटी प्रेस या लहान प्रकाशनसंस्थेमार्फत निघू लागले.

२०१६ हे वर्ष ज्या प्रश्नावर टिकले किंवा बुडाले असते तो प्रश्न संपादकांचा नव्हताच. रोरिक आणि त्यांचे सहकारी ही स्थिरावलेली माणसे होती. त्यांना या नियतकालिकाकडून पद मिळवायचे नव्हते. जोखीम होती ती पंचविशी-तिशीतल्या संशोधकांची. नोकरीच्या मुलाखतीत त्यांना विचारले जाते, की निबंध कोणत्या पत्रिकेत छापला. पत्रिकेची योग्यता ज्या प्रभावांकाने मोजली जाते तो मागील दोन वर्षांतील निबंधांना मिळालेल्या संदर्भांवरून काढतात. म्हणजे कालपरवा जन्मलेल्या पत्रिकेला तो मिळूच शकत नाही. 'लिंग्वा'कडे सहासष्ट वर्षांची पुण्याई होती, 'ग्लोसा'कडे एक दिवसाचीही नव्हती. अशा पत्रिकेला आपला सर्वोत्तम निबंध देणे म्हणजे तरुण संशोधकाने आपली नोकरी पणाला लावणे होय. जुने मंडळ संपूर्णपणे एकत्र बाहेर पडले याचे महत्त्व येथे आहे. तीच नावे, तेच परीक्षक, तीच कठोर चाळणी नव्या जागी दिसली. आणि विषयातील जाणत्यांनी पाटीकडे न पाहता माणसांकडे पाहिले. सहापैकी तीन संपादक आणि अर्धे मंडळ बाहेर पडले असते, तर त्याच वर्षी दोन अर्धमेली नियतकालिके दिसली असती.

पैशाची तरतूदही आधीच केलेली होती. नेदरलंड्सची संशोधन परिषद आणि तेथील विद्यापीठांची संघटना यांनी पहिल्या पाच वर्षांसाठी निबंधांच्या शुल्काचा भार उचलला. त्यापुढचा भार 'ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज' या ब्रिटिश संस्थेने घ्यावा, अशी योजना होती, आणि पुढे 'ग्लोसा' त्या संस्थेकडेच गेले. या संस्थेची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. ती वाचकाकडून पैसे घेत नाही आणि लेखकाकडूनही घेत नाही. शेकडो ग्रंथालये दरवर्षी थोडी थोडी रक्कम देतात आणि त्या भिशीतून अनेक नियतकालिके चालतात.

इकडे 'लिंग्वा' बंद पडले नाही. कंपनीने नवे संपादक नेमले आणि अंक निघत राहिले. बाहेर पडलेल्यांच्या बाजूचे भाषाशास्त्रज्ञ त्याला कुचेष्टेने 'झाँबी लिंग्वा' म्हणू लागले. नाव तेच, शरीर तेच, आत संचारलेला जीव वेगळा. वेताळपंचविशी वाचलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना नवी नाही. विनोद झोंबणारा असला तरी सर्वस्वी न्याय्य नव्हता. जुन्या पत्रिकेत निबंध देणारा प्रत्येक लेखक कंपनीचा पक्षपाती होता असे नाही. कोणाला भांडणाची वार्ता नव्हती, तर कोणाच्या विद्यापीठाच्या यादीत जुनेच नाव होते. विद्वानांच्या लढाईतही सामान्य शिपायाला बाजू निवडण्याची मोकळीक फारशी नसते.

या प्रयोगाचे अनुकरण झाले, पण संथपणे. २०१९ मध्ये 'जर्नल ऑफ इन्फॉर्मेट्रिक्स'चे, २०२३ मध्ये 'न्यूरोइमेज'चे संपादक याच कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी नवी नियतकालिके काढली. भाषाविज्ञानात 'सिंटॅक्स' या दुसऱ्या एका प्रकाशकाच्या नियतकालिकाच्या संपादकांनी २०२४ मध्ये तोच मार्ग धरला. परंतु हजारो नियतकालिकांच्या महासागरात या ओंजळी आहेत. मोठ्या प्रकाशकांच्या नफ्याला त्याने धक्का बसलेला नाही. उलट मुक्त वाचनाची कल्पना त्यांनी झटकन आपलीशी केली आणि वाचकाकडून घ्यायचे ते लेखकाकडून घ्यायला आरंभ केला. दार उघडे ठेवण्याचे भाडे आत येणाऱ्याऐवजी घर बांधणाऱ्याने द्यायचे, असा हा बदल. श्रीमंत देशांतील विद्यापीठे ते भाडे भरतात. ज्याच्या महाविद्यालयात त्यासाठी कोणतेच शीर्ष नाही, त्या अध्यापकाने काय करावे?

येथे विषय घरापर्यंत येऊन पोचतो. आपल्याकडे पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची मोजदाद सुरू झाली तेव्हापासून 'पैसे भरा, छापून घ्या' अशा पत्रिकांचे पीक आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ पत्रिका एका फटक्यात काढून टाकल्या, यावरून तणाचे प्रमाण ध्यानात यावे. त्यानंतर आयोगाने निवडक पत्रिकांची 'केअर' यादी केली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही रद्द करून पारख करण्याची जबाबदारी पुन्हा संस्थांवर टाकली. वाचनाच्या बाजूने केंद्र सरकारने मोठे पाऊल टाकले आहे हे मान्य केले पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेनुसार ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्थांना आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांना खुली झाली. त्यासाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. आडगावच्या शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याला आता जगातील ताजा निबंध वाचता येईल, ही गोष्ट लहान नव्हे. पण महाराष्ट्रातील महाविद्यालयांचा फार मोठा भाग खाजगी शिक्षणसंस्थांच्या व्यवस्थापनाखाली आहे. आणि वर्षाला २,००० कोटी रुपये बाहेरच्या गठ्ठ्यांवर खर्च करणाऱ्या देशात स्वतःच्या पत्रिकांवर किती खर्च होतो, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारीत नाही.

अशा पत्रिका आपल्याकडे नाहीत असे मुळीच नाही. भारतीय भाषाविज्ञान परिषद १९२८ मध्ये लाहोरला स्थापन झाली आणि तिचे 'इंडियन लिंग्विस्टिक्स' हे मुखपत्र १९३१ पासून निघू लागले, म्हणजे ते 'लिंग्वा'पेक्षाही वयाने मोठे आहे. परिषदेचे बिऱ्हाड पुढे पुण्यास डेक्कन कॉलेजात आले. त्याच पुण्यात अशोक केळकर यांच्या संपादकत्वाखाली १९८३ साली मराठी अभ्यास परिषदेचे 'भाषा आणि जीवन' हे त्रैमासिक सुरू झाले. जागतिक कीर्तीच्या या भाषाशास्त्रज्ञाने मराठीतून, मराठी वाचकासाठी, भाषेविषयीचे शास्त्रीय नियतकालिक चालवण्याचा व्याप अंगावर घेतला. येथे प्रभावांक नव्हता, आणि नफा तर नव्हताच. वर्गणीदारांची यादी, कागदाचा भाव, वेळेवर न येणारे लेख आणि वेळेवर येणारी टपालखर्चाची बिले, हाच अशा नियतकालिकाचा वार्षिक ताळेबंद असतो. पण नावाची मालकी कोणाची, हा लायडनला पडलेला प्रश्न येथे पडला नाही. नियतकालिक परिषदेचे आहे. केळकरांनंतर संपादक बदलत गेले, पाटी तीच राहिली. त्याच्या अंकांवर महिन्यांची नावे नसतात. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळी, असे त्याचे वर्ष मोजले जाते.